गाडीचा धूर बाहेर पडतो, पुढे काय?

थंडी सुरू झाली की इथल्या मराठी घरांत सकाळचा एक नवा विधी सुरू होतो. चहाचे आधण ठेवायचे, मुलांना तिसऱ्यांदा हाक मारायची आणि मधल्या वेळात गॅरेजमध्ये जाऊन, किंवा हल्ली स्वयंपाकघरातूनच रिमोटचे बटण दाबून, गाडी ‘गरम करायला’ लावायची. गॅरेजचा दरवाजा वर केला की आपले समाधान होते. धूर जातोच आहे की बाहेर! तो खरोखर बाहेर जातो म्हणजे नेमके काय होते, आणि जात नाही तेव्हा काय होते, एवढाच या लेखाचा विषय आहे.

प्रस्तुत लेखक पदवीने मेकॅनिकल इंजिनिअर आणि पोटापाण्याने सॉफ्टवेअरवाला. तेव्हा इंजिनाविषयी बोलायची संधी क्वचितच मिळते. ती मिळाल्यावर थोडे लांबण लागले तर वाचकांनी सांभाळून घ्यावे. मात्र आकडेमोड पाचवीच्या पुढची नाही.

एक किलो पेट्रोल नीट जाळायला साधारण पावणेपंधरा किलो हवा लागते. म्हणजे इथल्या हिशेबात एक गॅलन पेट्रोल जाळायला सुमारे ४१ किलो हवा! इंजिनात जे वजन जाते तेच दुसऱ्या टोकाने बाहेर येते. त्यामुळे गॅलनमागे सुमारे ४४ किलो वायू आपल्या गाडीच्या शेपटीतून बाहेर पडतो. त्यात बराचसा नायट्रोजन, त्याखालोखाल कार्बन डायऑक्साइड आणि पाण्याची वाफ, आणि थोड्या प्रमाणात ज्याची आपल्याला भीती वाटायला हवी तो कार्बन मोनॉक्साइड. थंडीत गाडीमागे दिसणारा पांढरा लोट हा मुख्यतः वाफेचा असतो. जो घातक आहे तो दिसत नाही, त्याला वास नाही, चव नाही. आपण ‘धुराचा वास येत नाही, म्हणजे ठीक आहे’ असे म्हणतो, त्यात हीच गफलत आहे.

हा वायू इंजिनाच्या सिलिंडरमधून निघतो तेव्हा त्याचे तापमान जोर लावून चालवताना ६०० ते ९०० अंश सेल्सिअस असते. पुढे तो कॅटलिटिक कन्व्हर्टर नावाच्या डब्यातून जातो. अमेरिकेत १९७५ च्या मॉडेलपासून बहुतेक गाड्यांत हा डबा आला. त्यात प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम असल्या मौल्यवान धातूंचा पातळ लेप असतो आणि कार्बन मोनॉक्साइडचे कार्बन डायऑक्साइड करण्याचे काम तिथे होते. डबा नीट तापला की नव्वद टक्क्यांहून जास्त कार्बन मोनॉक्साइड तिथेच संपतो. ‘तापला की’ हे शब्द लक्षात ठेवावेत, कारण पुढची बरीचशी गोष्ट त्यांच्यावर आहे. त्यानंतर मफलर आणि शेवटी टेलपाइप. पुण्या-मुंबईत या सगळ्याला आपण सरसकट ‘सायलेन्सर’ म्हणतो, आणि स्कूटरच्या सायलेन्सरचा चटका बसून पोटरीवर उठलेला डाग आपल्या पिढीतल्या कित्येकांनी जपून अमेरिकेपर्यंत आणला आहे.

म्हणजे टेलपाइपच्या टोकाशी दोन गोष्टींची विल्हेवाट लावायची असते: उष्णता आणि विष. आणि गंमत अशी की दोन्हींवर गाडीकडे शेवटचा उपाय एकच आहे, समोरची मोकळी हवा.

शेगडीची नळी आणि ट्रकची नळी

आपल्या घरच्या गॅसच्या शेगडीचा बर्नर उचलून खालची नळी पाहिलीत तर तिच्या तोंडाशी हवेसाठी जागा सोडलेली दिसेल. बारीक भोकातून गॅसचा झोत वेगाने निघतो आणि जाता जाता आजूबाजूची हवा आपल्याबरोबर ओढून घेतो. पंखा नाही, मोटर नाही, झोतच हे काम करतो. टेलपाइपमधून निघालेला झोतही तेच करतो. नळीबाहेर पडल्याबरोबर तो भोवतालची हवा ओढू लागतो, तिच्यात मिसळतो, पसरतो, निवतो आणि हलका असल्याने वर चढतो. मोकळ्यावर उभ्या असलेल्या गाडीत हे मिश्रण टोकापासून काही फुटांतच इतके पातळ होत जाते की उष्णता आणि विष दोन्हींचा जोर ओसरतो.

साध्या पेट्रोल गाडीत एवढे पुरते. मोठ्या डिझेल पिकअपमध्ये पुरत नाही, आणि त्याची एक गोष्ट आमच्या सॉफ्टवेअरवाल्यांच्या आवडीची आहे. २००७ च्या मॉडेलपासून अमेरिकेतल्या अवजड डिझेल इंजिनांना धुराचे नियम फार कडक झाले, आणि काजळी पकडणारा फिल्टर जवळजवळ सर्वत्र आला. फिल्टर काजळीने भरला की तो साफ करावा लागतो. ओव्हनमध्ये ‘सेल्फ क्लीन’ बटण दाबल्यावर जे होते तेच इथे होते: गाडी स्वतःच जास्तीचे इंधन वापरून फिल्टर सुमारे ६०० अंशांपर्यंत तापवते आणि काजळी जाळून टाकते. आता हा ६०० अंशांचा वायू बंपरखालून, सिग्नलला मागे उभ्या असलेल्या माणसाच्या पायांशी सोडायचा कसा?

यासाठी नळीच्या शेवटच्या हातभर भागात शेगडीचीच युक्ती वापरली जाते. आतल्या नळीचे तोंड थोडे आवळलेले असते, तिच्याभोवती मोठ्या व्यासाची नळी आणि दोघींमध्ये फट किंवा खाचा. झोत त्या फटीतून बाहेरची थंड हवा आत ओढतो आणि बाहेर पडण्यापूर्वीच मिसळून निवतो. काही ठिकाणी टोक पसरट करून झोत फाकवतात, म्हणजे एका जागी तो डाग दिल्यासारखा लागत नाही. मार्च २००७ मध्ये फोर्ड कंपनीने आपले २००८ च्या मॉडेलचे सुमारे ३७ हजार डिझेल पिकअप परत बोलावले होते, कारण क्वचित प्रसंगी टेलपाइपमधून ज्वाळा निघाल्याच्या तक्रारी आल्या. त्यावरचा उपाय म्हणून काय केले? इंजिन सांभाळणाऱ्या संगणकातला प्रोग्रॅम बदलला. आगीचा बंब पाठवण्याऐवजी प्रोग्रॅमर पाठवल्याचे हे उदाहरण मी ऑफिसात फार वेळा सांगितले आहे, त्यामुळे इथे आवरते घेतो.

आपल्यापैकी डिझेल पिकअप फार थोड्यांकडे असतील. ज्यांचा मोटेलचा, बांधकामाचा किंवा शेतीचा व्यवसाय आहे त्यांच्याकडे असतात. त्यांना एकच सांगणे: टोकाची ती खाचांची नळी कुरूप दिसते म्हणून काढून तिथे चकचकीत क्रोमचे टोक बसवून घेऊ नका. ती शोभेची वस्तू नाही.

सुके गवत, सायकली आणि पत्र्याची खडखड

गरम नळीपुढे हवेऐवजी दुसरे काही आले तर काय होते, याची उदाहरणे आपल्या रोजच्या जगण्यात पुष्कळ आहेत. आपल्या मंडळाच्या सहली घ्या. पार्कमधले पार्किंग भरले की उशिरा येणारे (म्हणजे निम्मे सभासद) गाड्या शेजारच्या गवतावर लावतात. ऑगस्ट-सप्टेंबरात ते गवत वाळून गुडघ्याएवढे झालेले असते. वाळलेले गवत साधारण तीनशे अंशांच्या आसपास पेटू शकते आणि तास-दीड तास हायवेवर चालून आलेल्या गाडीखालचा कन्व्हर्टर त्याहून कितीतरी गरम असतो. गवत त्याला टेकले की झाले. कॅलिफोर्नियात १५ नोव्हेंबर २००८ रोजी कोरोनाजवळ ९१ नंबरच्या फ्रीवेकाठी एका गाडीच्या गरम एक्झॉस्टमुळे झुडपे पेटली. जोराच्या वाऱ्याने ती आग योर्बा लिंडापर्यंत पसरली, ३०,००० एकरांहून जास्त जमीन आणि शंभराहून अधिक घरे भस्मसात झाली. तेव्हा गाडी डांबरावर किंवा खडीवर लावावी, चार पावले जास्त चालावे. बटाटेवडे संपत नाहीत, संयोजक उशिरा येणाऱ्यांसाठी बाजूला काढून ठेवतात. पानगळीत रस्त्याच्या कडेला रचलेल्या पानांच्या ढिगावर गाडी लावण्याचेही तेच.

गाडीखालून पत्र्याची खडखड येऊ लागते तो पत्रा बहुधा कन्व्हर्टरवरचे किंवा नळीवरचे उष्णतारोधक आवरण असते. सैल झाले म्हणून ते उपटून टाकण्याचा सल्ला कोणी दिला तर मानू नका. स्टीलची मोठी पट्टी आवळून ते बहुतेक वेळा जागेवर बसते, खर्च किरकोळ असतो. ते आवरण गाडीचा तळ, इंधनाच्या नळ्या आणि खालचे गवत या सगळ्यांना त्या उष्णतेपासून वाचवत असते.

आणखी एक, जी कोणी सांगत नाही. मागे सायकलींचा रॅक लावला की मुलाच्या सायकलचे चाक कित्येकदा नेमके टेलपाइपसमोर येते. दोन तासांच्या प्रवासानंतर टायर मऊ होऊन बसतो किंवा फुटतो. रॅकवर सामानाची पेटी बांधली तर तीही झोत अडवते आणि तो गाडीकडे उलटा फिरतो. रॅक भरल्यावर एकदा वाकून नळीसमोर काय आले आहे ते पाहावे.

गॅरेजमधली दहा मिनिटे

उष्णतेचे परिणाम निदान दिसतात. कार्बन मोनॉक्साइडचे तसे नाही, म्हणून त्यावर जरा सविस्तर लिहितो.

आपल्याकडे हा शत्रू अनोळखी नाही. बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवून झोपू नये हे आजी सांगत असे, आणि बाथरूममधल्या गॅस गीझरने माणसे गेल्याच्या बातम्या महाराष्ट्रातल्या वर्तमानपत्रांत दर हिवाळ्यात येतात. विष तेच. रक्तातले हिमोग्लोबिन ऑक्सिजनपेक्षा कार्बन मोनॉक्साइडला दोनशेहून अधिक पटींनी घट्ट धरून बसते. त्यामुळे हवेत तो थोडा असला तरी हळूहळू रक्तात साठत जातो, आणि ऑक्सिजन वाहून न्यायला गाड्याच शिल्लक राहत नाहीत. अमेरिकेत आगीशी संबंध नसलेल्या अपघाती विषबाधेने दर वर्षी चारशेहून अधिक माणसे मरतात आणि लाखाहून अधिक इमर्जन्सी रूममध्ये पोचतात. यात फर्नेस, जनरेटर, गाड्या सगळे आले.

आता आपला गॅरेजचा हिशेब. दोन गाड्यांचे गॅरेज, वीस फूट लांब, वीस रुंद, आठ उंच, म्हणजे सुमारे ९० घनमीटर हवा. नुसते चालू असलेले इंजिन तासाला पाव ते अर्धा गॅलन पेट्रोल खाते. दहा मिनिटांत साधारण पावणेदोन घनमीटर वायू (थंड झाल्यावरचे माप) गॅरेजमध्ये येतो. इंजिन गार असताना संगणक मुद्दाम पेट्रोल जास्त सोडतो आणि कन्व्हर्टर अजून तापलेला नसतो. तापायला लागतात त्या पहिल्या एक-दोन मिनिटांत सगळ्यात घाण वायू बाहेर पडतो. सरासरी दोन टक्के कार्बन मोनॉक्साइड धरला तरी गॅरेजच्या हवेत तो दहा लाखांत जवळजवळ ३८० भाग होतो. कामाच्या ठिकाणी आठ तासांसाठी अमेरिकन सरकारने घातलेली मर्यादा आहे ५० भागांची. शिवाय दार बंद असेल तर इंजिन स्वतःचाच धूर परत ओढू लागते, त्याला ऑक्सिजन कमी पडतो आणि ज्वलन आणखी बिघडते.

‘पण आम्ही दार उघडे ठेवतो ना!’ आयोवा स्टेट युनिव्हर्सिटीच्या मंडळींनी हेच करून पाहिले. गॅरेजचे मोठे दार उघडे ठेवून गाडी फक्त दोन मिनिटे गरम केली, तर गॅरेजमधले प्रमाण ५०० भागांवर पोचले, आणि गाडी बाहेर काढल्यावर दहा तासांनंतरही मोजता येण्याइतका वायू आत शिल्लक होता. कारण सोपे आहे. दार एकाच बाजूला आहे. वारा समोरून असला तर झोत आत ढकलला जातो. आणि हिवाळ्यात तापलेले घर चिमणीसारखे वागते: वरून गरम हवा बाहेर जाते आणि खालून, म्हणजे गॅरेजच्या दाराच्या फटींतून, भिंतीतल्या नळ्यांच्या भोकांतून, हवा आत ओढली जाते. गॅरेजच्या वर ज्यांची बेडरूम आहे त्यांनी हे वाक्य पुन्हा वाचावे.

तेव्हा गाडी सुरू केली की लगेच गॅरेजबाहेर काढावी. आजच्या इंजिनांना दहा मिनिटे गरम करण्याची गरज नसते. अर्धे-एक मिनिट थांबून सावकाश चालवले की ती चालता चालताच लवकर तापतात, कन्व्हर्टरही लवकर कामाला लागतो. रिमोट स्टार्ट गाडी बाहेर असेल तेव्हाच वापरावा.

बिनकिल्लीच्या गाड्यांचा प्रश्न याहून वाईट आहे. किल्ली फिरवून काढल्याशिवाय आपण गाडीतून उतरत नव्हतो, त्या सवयीत एक संरक्षण होते. आता किल्ली खिशातच असते, इंजिन इतके शांत की चालू आहे हे कळत नाही, आणि हायब्रिड असेल तर उतरताना इंजिन खरोखरच बंद असते! बॅटरी उतरली की ते आपले आपण सुरू होते, तेव्हा घरातले सगळे झोपलेले असतात. २००६ पासून अशा प्रकारे दोन डझनांहून अधिक माणसे गेल्याचे न्यूयॉर्क टाइम्सने २०१८ मध्ये मोजले होते. त्यात वयस्कर माणसे बरीच होती. नोव्हेंबर २०२१ मध्ये झालेल्या इन्फ्रास्ट्रक्चर कायद्यात अशा गाड्या ठराविक वेळाने आपोआप बंद पडाव्यात असा नियम करण्याचे कलम घातले गेले, पण तो उपाय नव्या गाड्यांपुरता आहे. आपल्या दारातल्या पाच-दहा वर्षांच्या गाडीला तो लागू पडत नाही. भारतातून आलेले बाबा हौसेने गाडी आत लावून देत असतील तर त्यांना ‘उतरण्यापूर्वी बटण दाबून डॅशबोर्डवरचे दिवे गेले का ते पाहा’ एवढे शिकवावे.

बर्फात, प्रवासात, अंधारात

जानेवारी २०१६ मधले मोठे हिमवादळ आपल्यापैकी अनेकांना आठवत असेल. न्यू जर्सीतल्या पसेइक गावात एक वडील गाडीभोवतीचे बर्फ काढत होते. थंडी लागू नये म्हणून पत्नी आणि दोन लहान मुले चालू गाडीत बसली होती. टेलपाइप बर्फात गाडली गेली होती. आई आणि एक वर्षाचे बाळ त्याच दिवशी गेले, तीन वर्षांची मुलगी नंतर. वडील काही फुटांवर होते. २०१३ च्या वादळात बॉस्टनमध्ये अकरा वर्षांचा एक मुलगा तसाच गेला.

यात निष्काळजीपणा म्हणावा असे काहीच नाही. मुलांना उबेत बसवणे हे कोणीही करेल. फक्त क्रम उलटा हवा. नळीसमोर बर्फ असले तरी इंजिन बंद पडतेच असे नाही. वायू गाडीखाली पसरतो, चारही बाजूंनी बर्फाची भिंत असल्याने तिथेच कोंडतो आणि तळातल्या फटींतून, हीटरच्या हवेच्या वाटेने आत येतो. म्हणून आधी टेलपाइप मोकळी करायची, मग गाडीखालून हवा जाईल इतके चारही बाजूंनी बर्फ काढायचे, मग इंजिन सुरू करायचे, आणि माणसे सगळ्यात शेवटी बसवायची. नुसते नळीसमोर एक भोक पाडून भागत नाही. तोवर मुलांनी घरात थांबावे. शेजाऱ्याचा स्नो-प्लाऊ येऊन गेल्यावर नळी पुन्हा बुजली नाही ना, तेही पाहावे.

इथे पैशाचा आणि कायद्याचा एक मुद्दा येतो. न्यू जर्सीत गाडी उभी करून इंजिन तीन मिनिटांपेक्षा जास्त चालू ठेवणे सर्वसाधारणपणे बेकायदा आहे. न्यूयॉर्क शहरातही तीन मिनिटे, शाळेजवळ एकच. पैशाचा प्रश्न म्हणाल तर रोज दहा मिनिटे याप्रमाणे हिवाळ्याच्या शंभर दिवसांत पाच-सहा गॅलन जळतात. त्याने कोणी भिकेला लागत नाही, तेव्हा बचतीचे कारण मी पुढे करणार नाही.

फर्निचरच्या दुकानातून लांब खोका आणताना आपण मिनीव्हॅनचा मागचा दरवाजा दोरीने अर्धवट बांधून घरी येतो. धावत्या गाडीमागे हवेचा दाब कमी असतो आणि तिथे भोवरा तयार होतो. टेलपाइपचा वायू त्यात सापडून उघड्या दारातून आत येतो, आणि नेमकी मागच्या सीटवर मुले असतात. शक्य तर खोका घरपोच मागवावा, डिलिव्हरीचे पैसे सत्कारणी लागतात. नाहीच जमले तर पुढच्या खिडक्या उघड्या, पंखा पूर्ण जोरात बाहेरच्या हवेवर, आणि मागे कोणी बसू नये.

मफलरचे भोक किंवा नळीचा निखळलेला सांधा हाही असाच प्रकार. आवाज वाढला म्हणून आपण लाजतो, पण खरी अडचण ही की वायू शेपटीपर्यंत न जाता सीटखालीच सुटतो. कन्व्हर्टर चोरीला गेला तरी तेच. २०२० नंतरच्या दोन-तीन वर्षांत अशा चोऱ्यांना ऊत आला होता. सकाळी गाडी सुरू करताच ट्रॅक्टरसारखा आवाज आला तर ती ऑफिसला नेऊ नये, टो करून न्यावी. नवा कन्व्हर्टर बसवायचा खर्च हजाराच्या पुढे सहज जातो. पॉलिसीत ‘कॉम्प्रिहेन्सिव्ह’ भाग असेल तर डिडक्टिबल वजा जाता कंपनी तो देते. नुसती लायबिलिटी पॉलिसी असेल तर छदामही मिळत नाही. गाडी जुनी झाली म्हणून कॉम्प्रिहेन्सिव्ह काढून टाकण्यापूर्वी हे लक्षात घ्यावे. गाडीला लागलेल्या आगीलाही हाच भाग लागू होतो.

वीज गेल्यावरचा जनरेटर म्हणजे चाके नसलेली गाडी, आणि धुराच्या बाबतीत गाडीपेक्षा फार वाईट. एक छोटा जनरेटर शेकडो गाड्यांएवढा कार्बन मोनॉक्साइड सोडू शकतो, असे इथल्या ग्राहक सुरक्षा आयोगाचे म्हणणे आहे. तो घरापासून निदान वीस फूट लांब, नळीचे तोंड घराच्या आणि शेजाऱ्याच्या खिडक्यांकडे पाठ करून ठेवावा. डेकवर नाही, गॅरेजच्या दाराशी नाही. फेब्रुवारी २०२१ मध्ये टेक्सासची वीज गेली तेव्हा उबेसाठी लोकांनी जनरेटर आत घेतले, कोळसे पेटवले, गॅरेजमध्ये गाड्या चालू ठेवल्या. ह्यूस्टनमध्ये घराला जोडलेल्या गॅरेजमधल्या चालू गाडीमुळे एक स्त्री आणि एक मुलगी दगावली. राज्यभरात १,४०० हून अधिक लोकांना विषबाधेसाठी दवाखाना गाठावा लागला.

पित्त की आणखी काही?

या विषबाधेची सुरुवात डोके दुखण्याने होते. मग मळमळ, गरगरणे, थकवा. ताप नसतो. हे वाचताच बहुतेकांच्या तोंडी एकच शब्द येईल: पित्त! आई-बाबा भारतातून नुकतेच आले असतील तर जेट लॅग. दिवसभर बंद घरात तेच असतात, आणि सुनेला कशाला त्रास म्हणून डोके दुखते हेही ते संध्याकाळपर्यंत सांगत नाहीत. म्हणून तीन प्रश्न विचारावेत. घरात एकापेक्षा जास्त जणांना एकाच वेळी त्रास होतो आहे का? बाहेर फिरून आल्यावर बरे वाटते का? सकाळी गाडी गॅरेजमध्ये चालू होती का? लहान मुले, गरोदर स्त्रिया आणि हृदयरोगी यांना हे विष लवकर आणि जास्त बाधते.

कोविडच्या काळात घेतलेला बोटाला लावायचा ऑक्सिमीटर अनेकांच्या घरी आहे. तो इथे फसवतो. कार्बन मोनॉक्साइड चिकटलेले हिमोग्लोबिनही त्याला ऑक्सिजनने भरलेले वाटते, आणि माणूस अत्यवस्थ असताना तो खुशाल ९८ दाखवतो.

भरवशाची वस्तू एकच, कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म. किंमत पंचवीस-पन्नास डॉलर. प्रत्येक मजल्यावर आणि झोपण्याच्या खोल्यांबाहेर एक असावा. हा वायू हवेइतक्याच वजनाचा असल्याने अलार्म जमिनीशीच लावला पाहिजे असे नाही. मागच्या बाजूला छापलेली तारीख पाहावी. सेन्सर पाच ते दहा वर्षांत निकामी होतो, मग बटण दाबल्यावर आवाज आला तरी उपयोग नाही, कारण ते बटण भोंगा तपासते, सेन्सर नाही. अलार्म ताबडतोब वाजत नाही हेही माहीत असावे. प्रमाणाप्रमाणे ४०० भागांना तो ४ ते १५ मिनिटांत वाजतो, ७० भागांना एक ते चार तास घेऊ शकतो. म्हणजे तो वाजला याचा अर्थ घरातली माणसे काही वेळ तीच हवा घेत होती. न्यू जर्सीत घर विकताना अलार्म असल्याचे प्रमाणपत्र लागतेच. टाउनहाउसमध्ये राहणाऱ्यांनी शेजाऱ्याचे गॅरेज आपल्या भिंतीला लागून आहे हे ध्यानात घ्यावे. आपण गाडी गॅरेजमध्ये गरम करत नसलो तरी तो करत असेल.

अलार्म वाजला तर खिडक्या उघडत, गाडी शोधत बसू नये. सगळ्यांनी बाहेर पडावे, दारात माणसे मोजावीत आणि बाहेरूनच ९११ ला फोन करावा. फायर डिपार्टमेंट मोजमाप करून सांगेपर्यंत पासपोर्टसाठीही आत जाऊ नये. इमर्जन्सी रूममध्ये ‘कार्बन मोनॉक्साइडची शंका आहे, रक्ताची कार्बॉक्सीहिमोग्लोबिन तपासणी करा’ असे स्पष्ट सांगावे, कारण नुसत्या डोकेदुखीवर ती कोणी मागवत नाही. साध्या हवेत रक्तातला हा वायू निम्मा व्हायला चार-पाच तास लागतात, मास्कमधून शुद्ध ऑक्सिजन दिल्यास सुमारे दीड तास. उशीर झाला की रक्तातला आकडा कमी दिसतो, म्हणून विषबाधा किती वाजता झाली असेल तेही डॉक्टरांना सांगावे. नुसती शंका असेल आणि कोणाला विचारावे कळत नसेल, तर घराबाहेर येऊन पॉयझन कंट्रोलला फोन करता येतो. नंबर १-८००-२२२-१२२२, चोवीस तास, फुकट, आणि इंग्रजी अडले तर दुभाषाही मिळतो. हा नंबर फ्रिजवर, आई-बाबांना दिसेल अशा उंचीवर लावावा.